पावतीबाईची पाच भांडणं

माझ्या नणंदेला अख्खी गल्ली पावतीबाई म्हणते. घरगुती यंत्रांच्या एका मोठ्या दुकानात ती सोळा वर्षं तक्रारीच्या काउंटरला बसली. पंखा फिरत नाही, मिक्सर जळाला, इस्त्री झटका देते, काहीही घेऊन माणूस आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पावती आहे?" भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तरी पावती मागेल अशी बाई. मी तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. आधीच सांगून टाकते, मला ती आवडत नाही. तेव्हा पुढे कुठे तिचं कौतुक आलंच, तर ते माझ्या मनाविरुद्ध आलंय असं समजा.

गेल्या वर्षी दुकानाने काउंटरच बंद केला. तक्रार आता फोनवर करायची, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. पावतीबाईची एका कागदावर सही घेतली आणि तिला घरी पाठवलं, साधा चहासुद्धा पाजला नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका दुकानाचं पत्र आलं. तिथे अजून काउंटर होता. काम तेच, दुकानाच्या वर राहायला खोली, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा.

ते पत्र वाचून सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आमचं घर तीन खोल्यांचं. आतल्या खोलीत सासूबाई, मधल्या खोलीत आम्ही नवराबायको, आणि पुढची, उजेडाची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली पावतीबाईची. मी पडदे शिवते. लोकांच्या मोठमोठ्या खिडक्यांचे पडदे मी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात शिवते. पाच मीटर कापड पसरायचं तर एक टोक ओट्यावर आणि दुसरं बादलीत. ती गेली की मशीन पुढच्या खिडकीपाशी आणि कापायचं टेबल भिंतीला, असं मी टेपने मापं घेऊन ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

आणि ही बया जेवता जेवता म्हणते, "मी जाणार नाही. मी धंदा काढते."

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांना वरखाली पोचवतो आणि घरात भांडण सुरू झालं की स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसतो. तरी त्याने विचारलं, "कसला धंदा?"

"भांडणाचा."

"म्हणजे काय गं?"

"लोकांना भांडता येत नाही, दादा. दुकानदाराशी नाही, डॉक्टरशी नाही, शेजाऱ्याशी नाही. एक तर घाबरतात, नाही तर ओरडतात. दोन्हीने काम होत नाही. कोणाला वस्तू बदलून मिळते आणि कोणाला नाही, हे मी सोळा वर्षं काउंटरच्या आतून बघितलंय. आता बाहेर उभी राहून लोकांसाठी तेच करीन. त्यांचं भांडण मी भांडेन."

मी हसले. मुद्दाम मोठ्याने हसले. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे ऐकलं होतं. त्याचं दुकान थाटलेलं आजच बघतेय. घरात काय भांडणं कमी पडली की बाहेरून मागवायची?"

"म्हणून तर आधी करून बघणार," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एक तारखेला तीन आठवडे आहेत. तोवर पाच भांडणं फुकट भांडते. भांडण संपलं की गिऱ्हाइकाने वहीत लिहायचं, समाधान झालं, हो की नाही, आणि खाली सही. पाचांत तीन 'हो' आले तर धंदा. नाही आले तर मुकाट नोकरीवर जाते."

"वहीत काय, तूच लिहिशील."

"खोटी सही मी आजवर घेतली नाही, वहिनी."

आतून सासूबाई खोकल्या. त्यांचं ताट आतल्या खोलीतच जातं. आमच्या दोघींचं बोलणं नाही, सोळा वर्षं नाही. जेवण वाढलंय हे मी भिंतीला सांगते आणि औषध आणलं का हे त्या छताला विचारतात. त्याचं कारण आहे आणि ते साधंसुधं नाही. सांगते पुढे.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत घडीचं टेबल मांडलं गेलं. त्याच्या अलीकडे गिऱ्हाइकाला स्टूल, पलीकडे ही. माझ्या खिडकीपाशी!

पहिलं गिऱ्हाईक तळमजल्यावरचा निवृत्त बसड्रायव्हर. सुताराकडून खुर्ची करून घेतली होती, ती डुगडुगायची. सुतार म्हणायचा, खुर्ची सरळ आहे, तुमची फरशीच वाकडी. पावतीबाई खुर्ची घेऊन निघाली तशी मीही पडदे पोचवायचं निमित्त काढून मागे गेले. खोटं कशाला बोलू, तिला तोंडावर पडलेली बघायला गेले. मला वाटलं, ही जाऊन तोंडाचा पट्टा सोडणार. तिने दुकानाच्या मधोमध खुर्ची ठेवली, वर बसली आणि म्हणाली, "तुमच्याकडची सरळ फरशी कुठली? तिथे बसते." इथे बसली, डुगडुग. तिथे बसली, डुगडुग. आवाज इतका हळू की सुताराला रंधा थांबवून ऐकावं लागत होतं. शेवटी दारात दोन नवी गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, आणि सुताराने निमूटपणे तिच्याखालून खुर्ची काढून घेतली. संध्याकाळी खुर्ची घरी, घट्ट उभी. ड्रायव्हरने वहीत 'हो' लिहिलं, सही केली, वर 'फारच छान' असंही लिहिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"एकदाही आवाज चढवला नाहीस," मी म्हटलं.

"आवाज चढवला की समोरचा सुटतो, वहिनी. मग तक्रार खुर्चीची राहत नाही, आवाजाची होते."

दुसरं भांडण कोपऱ्यावरच्या शिकवणीवालीचं. तिच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम फोटोग्राफर देत नव्हता. ही गेली, पण भांडायच्या आधी तिने फोटोग्राफरचंही ऐकून घेतलं. हा तिचा नियम, समोरच्याची बाजू आधी. बाई गं, कुठल्या वकिलाने असं केलंय? तर निघालं असं की अल्बम चार वेळा पुन्हा करायला लावला होता, का, तर दर पानावर शिकवणीवालीपेक्षा तिची धाकटी बहीण उठून दिसत होती. आमची परत आली आणि स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "चूक तुमची आहे."

शिकवणीवाली ताडकन उठली. "तू माझ्या बाजूने भांडणार होतीस की त्याच्या?" वहीत 'नाही' लिहिलं ते एवढं दाबून की पुढच्या दोन पानांवर उमटलं.

"ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं," माझा नवरा म्हणाला. मी त्या दिवशी त्याला दोनदा चहा करून दिला.

तिसरं आलं ते पेन्शनवाले आजोबा. नवी कवळी बसवलेली आणि बोलताना शिट्टी वाजायची. दाताच्या दवाखान्यातली मुलगी म्हणायची, होईल सवय. पावतीबाई त्यांना भर गर्दीच्या वेळी तिथे घेऊन गेली, बाकावर बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाली, "आजोबा, मोठ्याने वाचा. मला चष्मा नाही." आजोबा वाचायला लागले. मंत्र्यांच्या भाषणाला शिट्टी, सोन्याच्या भावाला शिट्टी, हवामानाला तर दोन. बाकावरची माणसं तोंडावर रुमाल धरून हलत होती आणि ज्यांना कवळी बसवायची होती ती एकेक करून उठायला लागली. डॉक्टर स्वतः बाहेर आले. तीन दिवसांत कवळी नवी आणि वहीत दुसरा 'हो'.

हे सांगताना मला हसू येतं, तेव्हाही आलं होतं. मोरीचा नळ मोठा सोडून मी हसून घेतलं. तिला ऐकू गेलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

चौथं भांडण वरच्या मजल्यावरच्या नर्सचं. तिच्या धुतलेल्या कपड्यांवर शेजारणीच्या कुंड्यांचं मातीचं पाणी ठिबकायचं. चार वर्षांचं वैर. पावतीबाई शेजारणीकडे जाऊन अर्धा तास बसली, कुंड्यांखाली ताटल्या आल्या, दोन कुंड्या तर आतच गेल्या. काम फत्ते! पण नर्स वही पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. "ती रडली का?" तिने विचारलं.

"नाही. त्यांनी चहा दिला."

"चहा? माझे चार वर्षं कपडे नासवले आणि तू तिचा चहा पिऊन आलीस? माफी तरी मागितली का?"

"पाणी बंद झालंय तुमचं."

"पाण्याचं काय घेऊन बसलीस!" नर्सने 'नाही' लिहिलं आणि दार आपटून गेली.

दोन हो, दोन नाही. एक तारखेला तीन दिवस राहिले आणि पाचवं गिऱ्हाईक येईना. गल्लीत बातमी पसरली होती की ही बाई गिऱ्हाइकालाच चूक ठरवते आणि शत्रूकडे चहा पिते. एका दुपारी मी सुताची रिळं आणायला पुढे गेले तर ही स्वतःच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेली, रस्त्याकडे बघत.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या का?" मी म्हटलं. "बॅग काढून देऊ माळ्यावरची?"

नेहमी ती उलट उत्तर देते. त्या दिवशी म्हणाली, "वहिनी, सोळा वर्षं मी रोज माफी मागितली. मी न बनवलेल्या मिक्सरची, मी न विकलेल्या पंख्याची. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. परत तिथे जाऊन बसले तर मरेपर्यंत तेच तोंडात राहील. मला नाही जायचं हो." तिचे डोळे भरले होते. मी रिळं घेतली आणि निघून आले. दया आली का? नाही आली. पण बोळात बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली, आणि ती इतकी दुष्ट होती की माझी मलाच भीती वाटली.

आता ते कारण सांगते. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही, तासातासाला कोणीतरी जवळ हवं. नवरा कामासाठी बाहेरगावी. त्या दिवशी सकाळी साडेदहाला पावतीबाईची त्या दुकानात मुलाखत होती. दुपारी अडीचला ती परत आली, आईच्या खोलीत गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या भावाचा फोन आलाय, बाबांना दवाखान्यात नेलंय, लगेच निघा." मी नेसत्या कपड्यांनिशी तीनची बस धरली. सहाला पोचले. माझे वडील एक वाजता गेले होते.

नंतर भाऊ मला म्हणाला, "ताई, मी नऊला फोन केला होता. कोणीतरी बाईने घेतला. 'सांगते' म्हणाली." नऊला! साडेनऊच्या बसने निघाले असते तर साडेबाराला पोचले असते. अर्धा तास मिळाला असता मला. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, दाराकडे बघून माझं नाव घेत होते. मी नऊला सासूबाईंचेच थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेले होते. घरात फोन एकच, तो सासूबाईंच्या उशाशी. पावतीबाई त्या वेळी आंघोळीला. मग फोन कोणी घेतला हे काय शोधायला हवं होतं? मी गेले असते तर त्यांच्या डोळ्यांत थेंब कोणी घातले असते! म्हणून त्यांनी निरोप दाबला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. केलं सगळं, बेडपॅन दिला, पाठ चोळली, पण बोलले नाही.

तर माझ्या डोक्यात आलं ते हे. पाचवं गिऱ्हाईक मीच व्हायचं. स्वतःच्या आईशी ती भांडणार नाही. भांडली तरी सासूबाई कबूल होणार नाहीत, त्या बाईने जन्मात कधी माझं चुकलं म्हटलेलं नाही. म्हणजे पाचवा 'नाही' पक्का, ती तिकडे, आणि खोली माझी. शिवाय सोळा वर्षांचं गळू एकदाचं फुटेल, ते वेगळंच.

मी हात पुसले, पुढे गेले आणि स्टुलावर बसले. "लिही. माझी तक्रार आहे."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. "कोणाविरुद्ध?"

"तुझ्या आईविरुद्ध."

तिचं पेन थांबलं. "तारीख?" तिने विचारलं. मी तारीख सांगितली. वेळ सांगितली, नऊ. फोन, थेंब, बस, एक वाजता, सगळं सांगितलं. तिने काहीच लिहिलं नाही. चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आईचं नाव आल्यावर कशी जिरली!

"काय हवंय तुम्हाला?" हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते. खुर्चीवाल्याला विचारला, शिट्टीवाल्यालाही.

"कबुली. हो, मी फोन घेतला आणि मुद्दाम सांगितलं नाही. एवढं एक वाक्य."

"तारीख नक्की हीच?"

"बापाच्या मरणाची तारीख चुकेल का माझी?"

तिने मग सगळं लिहून घेतलं. "उद्या संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली, आणि सगळ्यांशी बोलते तसं म्हणाली, "तक्रार केल्याबद्दल आभार." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून मायलेकी बोलत बसल्या. मी दाराबाहेर घड्या घालायचं नाटक करत उभी होते. शब्द कळत नव्हते. एकदा सासूबाईंचा आवाज चढला, "माझं ऐक, तसंच सांग तिला!" आणि मग नुसती पुटपुट.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ती बोळात आली. मी मशीनवर होते. ती सहसा बोळात येत नाही, उभं राहायला जागाच नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. हातात वही होती.

"तुमची तक्रार तपासली," ती म्हणाली. "माणूस चुकीचा आहे. फोन आईने घेतला नव्हता. मी घेतला होता."

माझ्या पायाने मशीनवर आणखी दोन-तीन टाके घातले, मग मशीन थांबलं.

"मी आंघोळीहून आले होते. फोन वाजला, मी घेतला. आईने विचारलं कोण, मी म्हटलं चुकीचा नंबर. तुम्ही गेला असता तर आईजवळ मला थांबावं लागलं असतं. मुलाखत गेली असती. मला वाटलं, दवाखान्यातच तर नेलंय, दुपारी सांगितलं तर काय बिघडणार आहे." ती एका दमात बोलत होती. "मला ते काम हवं होतं, वहिनी. त्याच्यासाठी मी तुम्हाला सांगितलं नाही. आईशी तुम्ही का बोलत नाही, हेही मला ठाऊक होतं. दादाने सांगितलं होतं. तरी गप्प बसले."

मला आठवत नाही मी काय काय बोलले. कैची फेकली हे आठवतं. ती ओट्यावरच्या पातेल्याला लागून खाली पडली. बरीच घाण तोंडातून गेली. एकच वाक्य लक्षात आहे, कारण त्याने तिचं तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, "सोळा वर्षं परक्या लोकांच्या मिक्सरसाठी माफी मागितलीस गं! मी बोळात होते की इथे! दहा पावलांवर होते!"

"हो," ती म्हणाली.

"तुझी आई काय म्हणाली काल?"

"म्हणाली, मीच घेतला म्हणून सांग. मी तिच्यासमोर कबूल होते, तिला सही करू दे, तुझं काम होऊ दे. माझं काय राहिलंय आता." तिने वही ओट्यावर ठेवली. "आईला घेऊन आले असते तर तुम्ही सही केली असती."

"केली असती." केलीच असती. आनंदाने केली असती.

"कबुली मिळाली, पण समाधान झालेलं नाही. मी 'नाही' लिहून आणलंय, तुम्ही फक्त सही करा. निकाल लागला, दोनच 'हो'. बॅग भरून झालीय माझी. सकाळची गाडी आहे."

तिच्या मागे, पुढच्या खोलीच्या दारात, खरोखरच बॅग उभी होती. ती पाहिली आणि माझा राग एकदम थंड झाला. थंड म्हणजे कमी नव्हे, निवांत. ही जाणार. दुसऱ्या गावात, दुसऱ्या काउंटरला, जिथे हिला कोणी ओळखत नाही. तिथे रोज उठून परक्यांना दिलगीर आहोत म्हणणार आणि महिन्याकाठी भावाला खुशालीचा फोन करणार. आणि मी इथे, उजेडाच्या खोलीत, मशीनवर, हिच्या नावाने बोटं मोडत. यात शिक्षा कोणाला झाली?

मी वही ओढली. तिने लिहिलेलं 'नाही' खोडलं. 'हो' लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावाने.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "मी खोटी सही घेत नाही."

"घ्यावी लागेल. माझं समाधान झालेलं नाही आणि होणारही नाही. पण त्या दिवशी नोकरीसाठी तू मला अडवलंस, आणि आज परत नोकरीच्याच नावाने पळतेस? जमणार नाही. तीन झाले तुझे. आता इथेच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर. मला हवं तेव्हा मी तुझ्याशी भांडणार. सकाळी वाटलं तर सकाळी, जेवताना वाटलं तर जेवताना. आणि दर वेळी तू ऐकायचंस. ठेव ती बॅग आत."

ती रडायला लागली. मी काही तिला जवळ घेतलं नाही. पुढची खोली हातची गेली हे मला सही करतानाच कळत होतं, आणि त्याचंही वाईट वाटत होतं, का खोटं बोलू?

ती गेल्यावर मी तशीच उठले आणि सासूबाईंच्या खोलीत शिरले. त्या पलंगावर बसून माझीच वाट बघत असाव्यात. अंगात भांडण अजून पुरेसं शिल्लक होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. सोळा वर्षांत त्यांच्याकडे बघून बोललेलं माझं पहिलं वाक्य.

"डोळ्यांवर पट्टी होती, कानांवर नव्हती. चुकीच्या नंबरला कोणी 'सांगते' म्हणत नाही. तू माहेराहून परत आलीस तेव्हा मला सगळं समजलं."

"मग मूग गिळून का बसलात? लेकीला वाचवायला?"

"हो. लेक आहे माझी."

"आणि मी? सोळा वर्षं मी तुमच्यावर दात धरून राहिले! या घरात मान वर करून तुमच्याकडे बघितलं नाही. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंत, मी नाही केलं म्हणून!"

सासूबाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू एकदा विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या.

भावाला मी विचारलं होतं. नवऱ्याला रडून सांगितलं होतं. तळमजल्यापासून वरच्या नर्सपर्यंत ही गोष्ट मी जिला तिला ऐकवली होती. या बाईला तेवढं विचारलं नव्हतं.